नाक्याबाहेरचं दूध

रविवार, ५ जानेवारी १९३६

आज कमिटीत दुधाचा नियम मंजूर झाला. मसुदा माझा. जन्मभर पोरांची शुद्धलेखनं तपासलेल्या माणसाच्या हातून वाक्य ढिलं पडत नाही, असं अध्यक्ष बबनराव देशमुख सर्वांसमक्ष म्हणाले. पेन्शनीत निघालेल्या हेडमास्तराला एवढं ऐकायला मिळालं की दिवस चांगला जातो.

नियम असा. नाक्याबाहेरचं दूध यापुढे परवानेवाल्यानेच गावात आणायचं आणि डब्याला नाक्यावर शिक्का मारून घ्यायचा. शेतावरून, गोठ्यावरून, तांड्यावरून परभारे दूध घ्यायला बंदी. देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. 'विक्रीकरिता' एवढा शब्द पुरे, असं दोघातिघांचं म्हणणं पडलं. मी 'विक्रीकरिता अगर अन्य कोणत्याही कारणाकरिता' असं घातलं. पळवाट ठेवायची नाही म्हणजे नाही. एकच सूट ठेवली: ज्याची स्वतःची गुरं नाक्याबाहेर असतील त्याने आपल्या घरच्या माणसांपुरतं दूध खुशाल आणावं. बबनरावांच्या म्हशी मळ्यात असतात, तेव्हा ही सूट ठेवणं भाग होतं.

गेल्या श्रावणात विषमज्वराने गावातली माणसं गेली. शेजारच्या सोजरबाईचा तरणाताठा मुलगा गेला. त्याला मी तिसरीत शिकवलं होतं. कोणाचं दूध कुठून येतं, कोणत्या पाण्याने वाढवलं जातं, कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या तिरडीमागून चालताना मी हा नियम मनात लिहून काढला.

घरी येऊन कस्तुराला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "सोजरीच्या पोराचं मलेबी वाईट वाटते. पन दूद उकळाले नियम कायले पायजे? चूल पायजे." बायकांना कायद्यातलं कळत नाही हे बरंच आहे, नाहीतर रोज घरी दुसरी कमिटी भरली असती.

मंगळवार, १४ जानेवारी

आज संक्रांत. पहाटे आमची प्रयाग बाळंत झाली. मुलगी आहे. पहिलं बाळंतपण म्हणून तिला माहेरी आणलेलं. जावई अकोल्याला नोकरीत, त्यांना तार केली.

नात एवढीशी आहे. माझ्या दोन्ही ओंजळींत मावेल. प्रयागला ताप भरला आहे आणि दूध नाही. वाशीमहून सर्व्हिस मोटारीने डॉक्टर आणवले. त्यांनी सांगितलं की आईचा ताप उतरेल, पण तोवर बाळाला गाईचं दूध पाणी घालून, उकळून द्या. ताजं द्या, चांगलं द्या.

उकंडराव हे आमच्या गावचे पहिले परवानेवाले. त्यांचा शिक्क्याचा डबा आजपासून सुरू केला. नियम केला आणि दहा दिवसांत आपल्याच नातीच्या उपयोगी पडला. यापेक्षा देवाने आणखी काय दाखवायचं?

मंगळवार, २१ जानेवारी

पोरीला दूध पचत नाही. पाजलं की उलटतं. रडते तेही आवाज न करता. नुसतं तोंड वाकडं करते. आज तिला उचललं तर हातात काही आलं आहे असं वाटेना.

कस्तुरा म्हणते दूध शिळं आहे, रात्रीचं सकाळच्यात मिसळतात. मी म्हटलं, शिक्का आहे. ती म्हणाली, "शिक्का डब्याच्या भायेर हाये, दूद अंदर हाये."

मग मुद्द्यावर आली. ओढ्यापलीकडच्या तांड्यात हरिसिंग बंजाऱ्याची गाय नुकती व्याली आहे. त्याची बायको जमनाबाई आमच्याकडे तूप घालते, तिची कस्तुराशी ओळख. तिथलं दूध आणू या म्हणते. मी सांगितलं, नियम मी लिहिला आहे. सर्वांनी मोडला तरी मला मोडता येत नाही. सोजरबाईच्या मुलाच्या जागी उद्या दुसऱ्याचा मुलगा जाईल.

कस्तुरा भांडत नाही तेव्हा मला बरं वाटत नाही. तिने भांडायला हवं होतं. पोर जगेल की नाही हे मला माहीत नाही आणि मी कलमाचा आकडा सांगतो आहे.

रविवार, २६ जानेवारी

काल पोर दूध पिऊन शांत झोपली. आजही. उलटी नाही.

कस्तुराने मरीमायला नवस बोलला आहे. देऊळ नाक्याबाहेर, ओढ्याच्या अलीकडे. उजाडताना आणि दिवस कलताना, दोन्ही वेळा जाते. येताना फडकं झाकलेला तांब्या असतो. मी विचारलं तर म्हणाली, "तीर्थ हाये. हात लावू नका, पाहू नका, अन् इचारू नका. नवस फिटनार नाई." माझा नवसावर फारसा विश्वास नाही, पण अशा वेळी कोणी त्यावर वाद घालू नये.

खरं कारण मला ठाऊक आहे. परवा मी उकंडरावांना जरा करड्या आवाजात बोललो होतो. त्याचा परिणाम झाला. आज त्यांना वाटेत गाठून मनापासून आभार मानले. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. चांगल्या माणसाला स्तुती सहन होत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बारसं झालं. विमल नाव ठेवलं. स्वच्छ, निर्मळ. सुचवलं मीच.

पोरीच्या मनगटाला वळ्या पडू लागल्या आहेत. मी बोट पुढे केलं की धरते. प्रयागचा तापही पुष्कळ उतरला. अंगात बळ यायला अजून वेळ लागेल, पण काल ती उशीला टेकून बसली आणि हसली. कितीतरी दिवसांनी घरात कोणी हसलं.

आज कमिटीत मी चार शब्द बोललो. नियमाचा पुरावा हवा असेल तर माझ्या घरी येऊन नात पाहा, म्हटलं. शिक्क्याच्या दुधावर वाढलेली पोर आहे. बबनरावांना इतका ठसका लागला की पाणी आणावं लागलं. नाकेदार रामकिसन दाराशी उभा होता, तो एकदम बाहेर गेला. हा रामकिसन फार प्रेमळ. मी नाक्यावरून गेलो की विचारतो, "मास्तर, पोट्टी पिते ना चांगलं?" गावच्या नाकेदाराने कोणाच्या नातीची इतकी चौकशी करावी, हे आमच्याच गावात घडतं.

आमची मांजरही हल्ली फार सुटली आहे. दुपारभर चुलीपाशी पडून असते, उंदरांकडे पाहत नाही. उंदीरच जास्त झाले असतील.

पोरीच्या हातात कवडी आणि निळे मणी बांधलेले दिसले. तांड्यातल्या बायका घालतात तसले. नजर लागू नये म्हणून, असं कस्तुरा म्हणाली. मणी जुने, झिजलेले, दोराही मळका. बांधायचेच होते तर नवे आणायला काय झालं होतं?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कस्तुराचा पाय मुरगळला. मरीमायला जाणं बंद. आता जमनाबाईच देवळातून तीर्थ घेऊन मागच्या दाराने येते. भला मोठा घागरा, हातभर बलोयांच्या बांगड्या, येताना अंगणातूनच वाजत येते. पोरीला मांडीवर घेते आणि तिच्याशी त्यांच्या बोलीत काहीबाही बोलत बसते. तिला 'चंदा' म्हणते.

मी सांगितलं, "बाई, नाव विमल ठेवलं आहे."

"हो मालक," म्हणाली, आणि पुन्हा चंदाच म्हणाली.

एका परक्या बाईने आमच्या पोरीसाठी ऊनवाऱ्याचं तीर्थ वाहावं, याचं मला आश्चर्य वाटतं. तिला एक लुगडं द्यावं असं कस्तुराला म्हटलं. ती म्हणाली, "लुगड्यानं नाई फिटत थे." नवसाचे हिशेब बायकांनाच कळतात.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

नियमाखाली पहिला गुन्हा सापडला. आणि तो जमनाबाईचा निघाला!

आज सकाळी उकंडराव स्वतः नाक्यावर जाऊन उभे राहिले. त्यांनी तिचा तांब्या उघडायला लावला. दूध होतं. रामकिसन म्हणे कुरकुरत होता, पण उकंडरावांनी सर्वांसमोर ते मातीत ओतायला लावलं. ती आपल्या घरी तीर्थ आणते आणि त्याच वाटेने दुसऱ्या कोणाच्या तरी घरी चोरून दूध घालते, असा याचा अर्थ. मला वाईट वाटलं, पण सुटकेचा नि:श्वासही टाकला. ओळखीच्या माणसावर नियम चालवता आला तरच तो नियम. रविवारी सुनावणी आहे. गुन्हा ठरला तर तिला नाक्याच्या आत पाय ठेवता येणार नाही.

कस्तुराला हे सांगितलं तेव्हा ती तवा उतरवत होती. तिने तो पुन्हा चुलीवर ठेवला आणि तसाच जळू दिला. आज ती जेवली नाही.

शनिवार, २९ फेब्रुवारी

पोरीला पुन्हा उलट्या. कालपासून. डबा तोच, शिक्का तोच, उकंडराव तेच. मला काही उमगत नाही. तीर्थ थांबलं म्हणून असं झालं, हे मी कसं मानू? आणि नाही मानलं तर दुसरं काय मानू?

आज मी मरीमायच्या देवळापर्यंत गेलो. देवीसमोर कुठेही पाण्याचा थेंब नव्हता. गाभारा कोरडा ठणठणीत. मी तिथे हात जोडून उभा राहिलो आणि म्हटलं, माझ्या हातून काही चुकत असेल तर मला सांग, पोरीला नको. आयुष्यात पहिल्यांदा मी देवापाशी मसुदा न करता बोललो.

घरी आलो तर कस्तुरा म्हणाली, "उद्या मीबी येतो कमिटीत." मी म्हटलं, तिथे बायकांचं काय काम. ती म्हणाली, "जमनाबाई बाई नाई का?"

रविवार, १ मार्च

आजचं सगळं नीट लिहून ठेवतो.

सुनावणीला चावडीत माणूस मावत नव्हता. जमनाबाई तोंडावर पदर ओढून उभी, शेजारी हरिसिंग पागोटं हातात घेऊन. बबनराव अध्यक्षांच्या खुर्चीत. त्यांनी विचारलं, "काय होतं तांब्यात?"

"दूद."

"कोनासाठी?"

"लेकीसाठी."

"काय भाव देल्लं?"

तेव्हा तिने पदर जरा मागे सारला. "आमी दूद विकत नाई, मालक. तूप विकतो. दूद विकनं अन् पोटचं विकनं एकच. पाहुना आला तं त्याले एक दिवस देतो. रोजचं दूद घरच्यालेच."

उकंडराव उठले. "विकलं का फुकट देल्लं, नियमाले त्याचं काई नाई. मास्तर, वाचा तुमचं कलम."

मी वाचलं. 'अन्य कोणत्याही कारणाकरिता' हे शब्द माझ्या तोंडून अगदी स्वच्छ उच्चारात निघाले.

"लेक कोनाच्या घरी हाये?" बबनरावांनी विचारलं. घेणाराही गुन्हेगार, तेव्हा नाव लागणारच होतं. जमनाबाईने पदर पुन्हा पुढे ओढला. हरिसिंग तिला हळूच म्हणाला, "सांग." तिने नकारार्थी मान हलवली. रामकिसन आढ्याकडे बघत होता. मला राग आला. ही बाई कोणाला तरी पाठीशी घालते आहे आणि ते घर खुशाल दडून बसलं आहे. मी मोठ्याने म्हणालोही, "ज्या घराने हिचं दूध घेतलं त्या घराला लाज असेल तर त्याने पुढे यावं."

दारातून आवाज आला, "आली लाज."

कस्तुरा होती. एका हाताने भिंत धरून, लंगडत, दुसऱ्या हातात विमल. गर्दीने वाट दिली. ती जमनाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पोरीने बलोयांचा आवाज ऐकला आणि तिकडे मान वळवली. जमनाबाईने तिला घेतलं तशी ती तिच्या चोळीच्या आरशांत तोंड घासू लागली. माझी नात. शिक्क्याच्या दुधावर वाढलेली.

कस्तुरा सभेकडे बघून बोलली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

"पोट्टी मरून राह्यली होती. मी तांड्यात गेलो. थे म्हने, एक दिवस देतो, पाहुनी हायेस. रोज कसं देऊ? रोजचं घरच्यालेच. मंग मी म्हटलं, घे, घरची करून घे. नायकासमोर, साऱ्या तांड्यासमोर पोट्टीले हिच्या ओटीत टाकलं. हिनं आपल्या हातानं मनी बांदले. तवापासून सकाळ-संध्याकाळ दूद देल्लं. मी घरी उकळून पाजलं. डब्याचं सारं मांजराले घातलं."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

उकंडराव माझ्याकडे वळले. "मास्तर, आता तुमीच सांगा. नात तुमची का बंजाऱ्याची?"

तो प्रश्न कशासाठी विचारला हे चावडीतल्या प्रत्येकाला कळलं. माझे भाऊबंद समोर बसले होते. माझ्या घरच्या पोरीचं उद्या लग्न निघेल तेव्हा हेच लोक हेच वाक्य आठवतील. मी जर म्हटलं, ती माझी, हिचा काही संबंध नाही, तर अब्रू शाबूत राहते आणि जमनाबाई नाक्याबाहेर जाते. पोरगी जमनाबाईच्या मांडीवर बोट चोखत होती. सकाळी ती माझ्या हातात होती तेव्हा रडायचंही विसरली होती.

मी नियमाचा कागद उलटला आणि सुटीचं कलम वाचलं. "ज्याची स्वतःची गुरे नाक्याबाहेर असतील, त्याने आपल्या घरच्या माणसांपुरते दूध आणावे." मग अध्यक्षांना म्हटलं, "गाय हिची आहे. पोरगी हिच्या घरची आहे. मी पोरीचा आजोबा, मी सांगतो. लिहून घ्या."

बबनरावांनी कागद हातात घेतला. ती सूट त्यांचीच होती. तिला हात लावला तर त्यांच्या मळ्यातलं दूधही नाक्यावरच थांबलं असतं. पण मला वाटतं त्यांनी तसा विचार केला नसावा, कारण त्यांचे डोळे ओले होते. म्हणाले, "गुन्हा होत नाई. रामकिसन, ह्या बाईले अडवायचं नाई."

"मी कवा अडवलं, मालक," रामकिसन म्हणाला. "आजचं दूद तं मी सकाळीच मास्तरच्या घरी पोचवलं."

सोमवार, २ मार्च

पोर प्याली, झोपली, पुन्हा प्याली.

कस्तुराला विचारलं, मला आधी का सांगितलं नाहीस. ती पायाला हळद लावत होती. म्हणाली, "तुमाले सांगतलं असतं तं तुमी काय केलं असतं? एक तं नियम मोडला असता, नाई तं पोट्टी सोडली असती. दोन्हीबी तुमाले झेपलं नसतं. म्हून मीच मोडला."

तीस वर्षं या बाईला मी कायद्यातलं कळत नाही म्हणत आलो. आज तिच्यासमोर हात जोडले तर म्हणाली, "उगंच काई करू नका, पान्याची घागर भरून ठेवा." भरून ठेवली.

आता मला आठवतंय, रामकिसन रोज विचारायचा, बबनरावांना ठसका लागला होता, प्रयाग घरी माझं भाषण ऐकून भिंतीकडे तोंड करून हसायची. सारं गाव माझी नात जगवत होतं आणि सारं गाव माझा मान राखत होतं. या सर्वांचे आभार कसे मानायचे? उकंडरावांचे मात्र मी एकदा मानून बसलो आहे, ते परत मागता येत नाहीत.

मांजर डब्याची वाट बघत बसली आहे. डबा बंद केला.

रविवार, ८ मार्च

आमची होळी काल संध्याकाळी पेटली, तांड्याची आज पहाटे पेटली. त्यांची रीत तशी. हरिसिंग बोलवायला आला होता. आता घरचेच झालो, तेव्हा नाही कसं म्हणणार? प्रयागही चालत आली, दोनदा थांबून, पण आली.

मी पोरीसाठी साखरेची गाठी आणणार होतो. कस्तुराने बाजारातून दोन आणवल्या. मी म्हटलं, एका पोरीला दोन कशाला? ती म्हणाली, "राहू द्या."

तांड्यात डफडी वाजत होती, बाया फेर धरून गात होत्या. हरिसिंगने मला गाय दाखवली. तांबडी, शांत, कपाळावर पांढरा ठिपका. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. नियमाचा कागद मी तीनदा लिहून काढला होता, पण ही गाय मी आज पाहिली.

जमनाबाईने विमलला मांडीवर घेतलं. एक गाठी तिच्या गळ्यात घातली. दुसरी कस्तुराने जमनाबाईच्या हातात दिली. ती घेऊन जमनाबाई झोपडीमागे गेली. तिथे पळसाखाली चार दगड गोल मांडलेले आहेत, हातभरही जागा नसेल. तिने गाठी त्या दगडांवर ठेवली, वरून हात फिरवला आणि परत येऊन पोरीला उचललं. कस्तुरा आणि प्रयाग दोघी खाली बघत होत्या.

मी हरिसिंगला विचारलं, चंदा कोण? त्याने गाईच्या गळ्यातली दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. मग मला पोरीच्या हातातले मणी दिसले. जुने, झिजलेले, आधी दुसऱ्या कोणाच्या तरी एवढ्याशाच मनगटात असलेले. नवे का आणले नाहीत म्हणून मी इथेच, याच वहीत, कुरकुरलो होतो.

मी टोपी काढून हातात घेतली आणि निघेपर्यंत घातली नाही.

उतरत्या उन्हात परतलो. नाक्यावर रामकिसनने नेहमीप्रमाणे विचारलं, "मास्तर, विमल पिते ना चांगलं?"

मी म्हटलं, "पिते. तिचं आणखी एक नाव आहे, चंदा. तेही लक्षात ठेव."